काचेच्या पेल्यावर यूव्ही लेझरने लोगो उमटवताना

हॉटेलसाठी किंवा लग्नसमारंभातील भेटवस्तूंसाठी पेल्यांवर लोगो उमटवण्याचे काम अनेक वर्कशॉपमध्ये सीओटू (कार्बन डायऑक्साइड) लेझरवर केले जाते. त्याची 10.6 मायक्रोमीटर तरंगलांबी काच पृष्ठभागावरच शोषून घेते, तेवढा भाग एकदम तापतो आणि त्यातून सूक्ष्म चिरा पडून पांढरट खूण तयार होते. मोठ्या, ठसठशीत चित्रासाठी हे चालून जाते. बारीक अक्षरांच्या कडांचे मात्र टवके उडतात आणि बोट फिरवल्यास खरखर लागते. यूव्ही (अतिनील) लेझरची तरंगलांबी 355 नॅनोमीटर असते आणि नेहमीच्या सोडा-लाइम काचेतून हा प्रकाश बराचसा आरपार जातो. तरीही खूण उमटते, कारण काही नॅनोसेकंदांच्या स्पंदातील (प्रकाशाच्या एका झटक्यातील) सगळी ऊर्जा फोकसच्या बिंदूत इतकी दाटते की तेवढ्यापुरती काचही ती शोषू लागते. म्हणजेच खूण नेमकी फोकस असेल तेथेच उमटते. या कामातील बहुतेक अडचणींचे मूळ यातच असते, आणि म्हणून जास्त वॅटच्या यंत्रामागे धावण्यापेक्षा फोकस व पकड यांकडे लक्ष दिलेले बरे. पेल्यांसाठी 5 वॅटचे यंत्र सहसा पुरते.

आधी पेला कोणत्या काचेचा आहे ते पाहावे. सोडा-लाइम आणि उष्णतेला टिकणारी बोरोसिलिकेट या दोन्हींवर काम होते, मात्र दोघांची सेटिंग वेगळी ठेवावी लागतात. टफन केलेल्या (मुद्दाम कणखर बनवलेल्या) पेल्याच्या पृष्ठभागात मुद्दाम निर्माण केलेला दाब असतो. त्या थराला खोल धक्का लागला तर पेला तिथेच किंवा नंतर वापरात फुटू शकतो, म्हणून असा माल शक्यतो घेऊच नये. खूण बाहेरच्या बाजूस, ओठ लागतात त्या कडेपासून खाली आणि जाड बुडापासून वर ठेवावी. बिअरच्या काही पेल्यांच्या तळाला आतून लेझरने बारीक ठिपके देतात, त्यांवरून बुडबुडे सतत उठत राहतात आणि फेस टिकतो. पण तो वेगळा उद्योग आहे, लोगोसाठी आतली बाजू वापरू नये.

लोगो व्हेक्टर स्वरूपात (ठिपक्यांऐवजी रेषा-आकारांनी बनलेली फाइल) घ्यावा. कागदावर जे काळे असते ते काचेवर पांढरे उमटते, त्यामुळे चेहरा किंवा छायाप्रकाश असलेले चित्र उलट करून घ्यावे लागते, नाहीतर ते निगेटिव्हसारखे दिसते. मोठे भाग हॅचने, म्हणजे जवळजवळच्या समांतर रेषांनी, भरावेत. सुरुवातीला रेषांमधील अंतर 0.04 मि.मी., वेग सेकंदाला 500 ते 1000 मि.मी. आणि स्पंदांची वारंवारता 30 ते 50 किलोहर्ट्झ धरता येईल, मात्र हे आकडे प्रत्येक यंत्रावर बदलतात. त्यामुळे त्याच खेपेतील एका पेल्यावर छोट्या चौकोनांची जाळी काढावी: आडव्या दिशेने वेग आणि उभ्या दिशेने शक्ती बदलत न्यावी, आणि काळ्या कापडासमोर धरून ज्या चौकोनाचा पांढरेपणा एकसारखा व कड स्वच्छ असेल तो निवडावा. सर्वांत ठळक पांढरा चौकोन निवडण्याचा मोह होतो. बहुधा चिरा त्यातच असतात.

आता गोलाईचा प्रश्न. लोगोच्या उंचीवर पेल्याचा व्यास 80 मि.मी. असेल आणि लोगोची रुंदी 20 मि.मी. असेल, तर मधल्या रेषेच्या तुलनेत त्याच्या कडा सुमारे 1.27 मि.मी. खाली जातात, रुंदी 30 मि.मी. केली की हाच फरक 2.9 मि.मी. होतो. लहान ठिपक्याच्या यूव्ही किरणाचा फोकस वरखाली जेमतेम अर्धा ते एक मिलिमीटर साथ देतो. म्हणून पहिला लोगो फोकस मध्य आणि कड यांच्या मधोमध धरून स्थिर पेल्यावरही निभावतो, दुसऱ्याला मात्र रोटरी, म्हणजे पेला धरून फिरवणारे जोडउपकरण, लागतेच. रोटरीवर सॉफ्टवेअर लोगोचे उभे पट्टे पाडते आणि पेला थोडा थोडा फिरवत एकेक पट्टा उमटवते. व्यास चुकीचा भरला तर पट्ट्यांमध्ये फट राहते किंवा ते एकमेकांवर चढतात. म्हणून लोगोच्याच उंचीवर कागदाची पट्टी गुंडाळून घेर मोजावा आणि त्याला 3.14 ने भागावे. पेला खाली निमुळता असेल तर रोटरी तिरकी करून वरची रेघ आडवी आणावी.

मार्किंगपूर्वी पेला आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून पूर्ण वाळवावा. फोकस जुळवल्यावर एका कोपऱ्यात लहान रेघ मारून नख फिरवावे. बाहेरून गुळगुळीत लागत असेल आणि रेघ तरीही दिसत असेल, तर फोकस काचेच्या जाडीत उतरला आहे. लेझरचे डोके किंचित वर घ्यावे. पावसाळ्यात मुंबई-कोकणच्या दमट हवेत लेझर थंड ठेवणाऱ्या चिलरचे तापमान फार कमी ठेवू नये, कारण थंड भागांवर दव धरते आणि यूव्ही लेन्स-आरसे ओल व धूळ यांनी लवकर खराब होतात.

हा किरण डोळ्यांना दिसत नाही, त्यामुळे धोका जाणवतही नाही. यंत्राचे झाकण बंद ठेवावे आणि 355 नॅनोमीटरसाठीच प्रमाणित असलेला चष्मा वापरावा. सीओटू किंवा फायबर लेझरचा चष्मा इथे चालेलच असे नाही. काचेची भुकटी श्वासात जाऊ नये म्हणून शोषणनळी मार्किंगच्या जागेजवळच लावावी, आणि साचलेली भुकटी फुंकरीने उडवण्याऐवजी ओल्या फडक्याने टिपावी.

काम झाल्यावर पेले मऊ ब्रशने साबणाच्या पाण्यात धुवावेत. धुण्याआधी पांढरी दिसणारी खूण काही वेळा निव्वळ चिकटलेली भुकटी असते, म्हणून तपासणी वाळल्यानंतरच करावी. पास झालेल्या पेल्यांपैकी एक बाजूला ठेवून त्याच्यासोबत शक्ती, वेग, वारंवारता, हॅच आणि फोकसची उंची लिहिलेली चिठ्ठी जपावी. पुढच्या ऑर्डरला पेल्यांची खेप बदलली असेल, तर काचेची जाडी व गोलाई थोडी वेगळी निघू शकते. अशा वेळी चिठ्ठीवरील आकड्यांपासून सुरुवात करावी, पण नवी जाळी काढल्याशिवाय संपूर्ण माल चढवू नये.