युरोपीय संघाचा कायदा नेमका कोणत्या सदस्य देशांना लागू आहे, हे कसे ओळखावे

युरोपीय संघात 27 सदस्य देश आहेत, तेव्हा संघाचा कायदा सत्तावीसही ठिकाणी सारखाच चालत असणार, असे आपण सहज धरून चालतो. अभ्यासकाची त्यामुळे फार तर एक तळटीप चुकते. पण फ्रान्सच्या वकिलातीने दिलेल्या शेंगेन व्हिसावर डब्लिनला जायला निघालेल्या प्रवाशाला विमानतळाच्या काउंटरवरूनच परत फिरावे लागू शकते, कारण आयर्लंड संघात असले तरी शेंगेन क्षेत्रात, म्हणजे आपसातील सीमांवर तपासणी न करणाऱ्या देशांच्या गटात, नाही. संघाने सगळ्यांना एकाच वेगाने चालायला लावण्याऐवजी काहींना मागे राहण्याची आणि काहींना पुढे जाण्याची मुभा दिली आहे. ही मुभा कुठे आहे हे ओळखण्यासाठी कायदा पहिल्या पानापासून वाचत बसण्याची गरज नसते.

आधी शेवटचे वाक्य पाहावे. संघाच्या अधिकृत संकेतस्थळावर, म्हणजे युर-लेक्सवर, कोणताही विनियम (संघाचा थेट लागू होणारा कायदा) मोफत उघडता येतो. त्याच्या शेवटी ठरावीक साच्याचे एक वाक्य असते. हा विनियम ‘सर्व सदस्य देशांत’ थेट लागू राहील, असे तिथे लिहिले असेल, तर बहुधा पुढे शोधण्यासारखे काही उरत नाही. ‘सर्व’ हा शब्द गळून त्याऐवजी ‘करारांनुसार सदस्य देशांत’ अशी शब्दरचना आली असेल, तर कोणीतरी बाहेर आहे असे समजावे. ‘सहभागी सदस्य देशांत’ असे असेल, तर तो कायदा एका गटापुरताच आहे. निर्देशांच्या, म्हणजे सदस्य देशांनी आपापल्या कायद्यांतून अमलात आणायच्या कायद्यांच्या, बाबतीत हीच खूण शेवटच्या कलमात सापडते. तो निर्देश कोणाला उद्देशून आहे, हे तिथे सांगितलेले असते.

बाहेर नेमके कोण, हे प्रास्ताविकात कळते. प्रास्ताविकाचे परिच्छेद क्रमांकांनी मांडलेले असतात आणि त्यांतल्या शेवटच्या काही परिच्छेदांत देशांची नावे येतात. प्रोटोकॉल (संघाच्या करारांना जोडलेली पुरवणी) क्रमांक 22 चा उल्लेख दिसला, तर तो डेन्मार्कविषयी असतो. 2 जून 1992 रोजी डॅनिश मतदारांनी संघाची स्थापना करणारा मास्ट्रिख्ट करार अगदी थोड्या फरकाने फेटाळला, त्यानंतर डिसेंबरमध्ये एडिंबरो येथे डेन्मार्कला सवलती देण्यात आल्या आणि 1993 मध्ये दुसऱ्या मतदानात करार मंजूर झाला. आजच्या प्रोटोकॉलचे मूळ तिथे आहे. संरक्षणविषयक सवलत डॅनिश मतदारांनी 2022 मध्ये स्वतःहून सोडली. न्याय व गृह व्यवहारांची मात्र 2015 च्या सार्वमतात राखून ठेवली. न्याय व गृह व्यवहारांविषयीचाच प्रोटोकॉल क्रमांक 21 आयर्लंडचा आहे आणि तो जास्त लवचीक आहे: प्रस्ताव मांडला गेल्यापासून तीन महिन्यांत आयर्लंड त्या एका कायद्यापुरते सामील होऊ शकते. म्हणून आयर्लंडविषयी सरसकट विधान करू नये, प्रत्येक कायदा वेगळा तपासावा. उच्चशिक्षित परदेशी कर्मचाऱ्यांसाठी असलेले ‘ब्लू कार्ड’ डेन्मार्क आणि आयर्लंड हे दोन्ही देश देत नाहीत. पुण्याहून नोकरीसाठी अर्ज करणाऱ्याने हे आधीच लक्षात घेतलेले बरे.

शीर्षकातच ‘वाढीव सहकार्य’ हे शब्द असतील, तर प्रकार निराळा असतो. इथे कोणाला सूट दिलेली नसते; सर्वांचे एकमत होत नाही असे दिसल्यावर किमान नऊ देश पुढे जातात, त्यासाठी युरोपीय संसदेची संमती आणि मंत्रिपरिषदेची परवानगी घ्यावी लागते आणि इतरांसाठी दार कायम उघडे ठेवावे लागते. हा मार्ग पहिल्यांदा वापरला गेला तो 2010 मध्ये, घटस्फोटाला कोणत्या देशाचा कायदा लावावा या प्रश्नावर, 14 देशांकडून. एकात्मिक पेटंटच्या (सर्व सहभागी देशांत चालणाऱ्या एकाच पेटंटच्या) वेळी स्पेन आणि इटली यांनी भाषेच्या तरतुदींवरून न्यायालयात दाद मागितली, ती 2013 मध्ये फेटाळली गेली. पुढे इटली आत आला, स्पेन अजून बाहेरच आहे.

अशा कायद्यांत एक चूक हमखास होते. संघाच्या निधीतील गुन्ह्यांवर खटले चालवणाऱ्या युरोपीय लोकाभियोक्ता कार्यालयाचा 2017 चा विनियम उघडला, तर प्रास्ताविकात 20 देश मोजता येतात. नंतर नेदरलँड्स आणि माल्टा, आणि 2024 मध्ये पोलंड आणि स्वीडन सामील झाले, म्हणजे संख्या 24 झाली. पण छापील प्रास्ताविक जुनेच राहते. उशिरा येणाऱ्या देशांचे प्रवेश वेगळ्या निर्णयांनी होतात, त्यामुळे मूळ मजकुरावर न थांबता त्या कायद्याच्या पानावरील संबंधित दस्तऐवजही पाहावेत.

युरोच्या बाबतीत मात्र कागदावरची स्थिती आणि प्रत्यक्ष यांत अंतर आहे. करारातली सूट एकट्या डेन्मार्ककडे आहे. स्वीडनकडे ती नाही, तरी 2003 च्या सार्वमतात युरो नाकारला गेल्यापासून तो देश विनिमय दर यंत्रणेत, म्हणजे चलनाचा दर युरोशी जोडून ठेवणाऱ्या व्यवस्थेत, शिरतच नाही आणि तिथे किमान दोन वर्षे काढल्याशिवाय पात्रता येत नाही. सभ्य शब्दांत सांगायचे, तर ही मागल्या दाराने घेतलेली सूटच आहे. तेव्हा ‘युरो स्वीकारण्यास बांधील’ आणि ‘युरो वापरणारा’ हे दोन रकाने वेगळे ठेवावेत. बल्गेरिया 1 जानेवारी 2026 पासून दुसऱ्या रकान्यात गेला आहे.

शेंगेनची यादी करताना उलट्या बाजूनेही पाहावे लागते. 1985 मध्ये लक्झेंबर्गमधील शेंगेन गावाजवळ मोझेल नदीवरच्या बोटीत पाच देशांनी सह्या केल्या, त्या संघाच्या चौकटीबाहेर. अ‍ॅमस्टरडॅम करारामुळे ही व्यवस्था 1999 मध्ये संघाच्या कायद्यात आली. आज तिच्यात 29 देश आहेत, पण त्यांपैकी नॉर्वे, आइसलँड, स्वित्झर्लंड आणि लिख्टेनश्टाइन संघाचे सदस्य नाहीत, आणि संघाचे सदस्य असलेले आयर्लंड व सायप्रस तिच्यात नाहीत. रुमानिया आणि बल्गेरियाच्या जमिनीवरील सीमांवरची तपासणी 1 जानेवारी 2025 ला उठली, म्हणून त्याआधीचा नकाशा हाती असेल, तर तो बाजूला ठेवावा.