कार्यक्रम मेलवर मागवताय? या चुका टाळा

सांगलीतली नाटकं, व्याख्यानं, रक्तदान शिबिरं एका ऑनलाइन कॅलेंडरवर दिसावीत म्हणून आम्ही एक मेल पत्ता काढला. मंडळांनी मेल करायचा, स्क्रिप्टने, म्हणजे छोट्या प्रोग्रामने, वाचून नोंद टाकायची. थोड्याच दिवसांत व्याख्यानांच्या मधे झटपट कर्जाचे 'कार्यक्रम' दिसू लागले.

पहिली चूक माझीच. ओळखीच्या मंडळांचे पत्ते यादीत घातले आणि 'फ्रॉम'मध्ये त्यातला पत्ता दिसला की नोंद थेट आत. फ्रॉम म्हणजे पाकिटावर लिहिलेलं पाठवणाऱ्याचं नाव, कुणीही कुणाचंही लिहावं. यादीच्या जोडीला आपल्या मेल सर्व्हरने दिलेला डीमार्कचा, म्हणजे फ्रॉममधलं डोमेन (पत्त्यातला @ नंतरचा भाग) खोटं नाही ना या तपासणीचा, निकालही तपासा. नुसत्या डीमार्कवरही विसंबू नका. स्पॅमवाले स्वतःचं डोमेन घेऊन सगळ्या तपासण्या पास होतात.

दुसरी चूक, आलेल्या प्रत्येक मेलला 'नोंद मिळाली' असं आपोआप उत्तर. पत्ता खोटा असेल तर ते उत्तर भलत्याच माणसाच्या इनबॉक्समध्ये पडतं आणि स्पॅम पाठवणारे आपण ठरतो. तपासणीत पास झालेल्या मेललाच उत्तर द्या. त्यात खात्रीची लिंक देणार असाल तर नुसती लिंक उघडल्यावर नोंद पक्की करू नका. बऱ्याच कार्यालयांतली सुरक्षा यंत्रणा मेलमधल्या लिंक आधी स्वतःच उघडून बघते. पुढच्या पानावर बटण ठेवा.

मेलला जोडलेली आयसीएस फाइल (कॅलेंडरच्या नोंदीची फाइल) जशीच्या तशी आत घेणं तर विकतचं दुखणं. रोज पुनरावृत्तीचा नियम घातलेली एक नोंद वर्षभराचं कॅलेंडर भरून टाकते. नाव, वेळ, जागा एवढंच उचला. यूआयडी, म्हणजे फाइलमधला नोंदीचा ओळख क्रमांक, आधीच आलेला असेल तर ती दुरुस्ती धरावी, पण मूळ नोंद त्याच पत्त्यावरून आली असेल तरच. नाहीतर दुसरा कुणीही तुमची तारीख फिरवेल.

वेळेचा घोळ स्पॅमचा नाही, पण शिव्या त्यानेच जास्त खाल्ल्या. विष्णुदास भावे यांनी 1843 साली जिथे 'सीता स्वयंवर' केलं त्या गावात 5 नोव्हेंबरचा रंगभूमी दिन 6 तारखेवर गेला! स्क्रिप्टने संध्याकाळच्या 18:30 पुढे 'झेड' लावला होता. झेड म्हणजे जागतिक वेळ. त्यात आपले साडेपाच तास मिळवले की थेट रात्रीचे बारा. तिथे 'एशिया/कोलकाता' हे भारतीय वेळेचं नाव हवं.

मेलऐवजी कॅप्चाच्या (समोर माणूसच आहे ना हे बघणाऱ्या कोड्याच्या) फॉर्मचाही विचार झाला. पण आमच्याकडे निम्मे मेल म्हणजे नुसता हँडबिलाचा फोटो, मजकूर कोराच. भजनी मंडळाच्या काकांना कॅप्चा सोडवायला लावलं तर ते फोनच करतील. असे नुसत्या फोटोचे मेल स्पॅम फिल्टरलाही खटकतात, म्हणून संशयित मेल पुसत नाही, बाजूला ठेवतो. काकांना आम्ही नाव, तारीख, वेळ, जागा अशा चार ओळी तेवढ्या टाइप करायला सांगितल्यात. नव्या पत्त्याची पहिली नोंद आमच्यापैकी कुणीतरी बघूनच सोडतो. चहा उतू जायच्या आत उरकतं.