कोविड लशीबद्दल कुणी विचारलं की "काही होत नाही" म्हणू नका

2021 ला सोलापुरात आमच्या पूर्व भागात लसीकरण केंद्राबाहेर टोकन वाटायला बसायचो, आणि आता मेडिकलच्या काउंटरवरही तेच प्रश्न येतात. त्यामुळं उत्तर कसं द्यायचं हे जरा ठासूनच सांगतो.

आधी कुठली लस घेतली ते विचारा. सोलापुरात बहुतेकांनी कोविशील्ड नाहीतर कोवॅक्सिन घेतलीय, आठवत नसेल तर कोविनच्या सर्टिफिकेटवर नाव असतं. व्हॉट्सअॅपवर फिरणारं बरंचसं फायझर-मॉडर्नाचं असतं, त्याचा यांच्याशी संबंध नाही.

"लशीत जिवंत कोरोना असतो का?" नाही. कोवॅक्सिनमध्ये मारलेला विषाणू, कोविशील्डमध्ये वाढू न शकणारा दुसराच. एवढं बास.

चिप-बिप म्हणणाऱ्याला चहा पाजा, वाद घालू नका.

आता तापाचं. इथं मी सपशेल तोंडावर पडलोय. एक विडी वळणाऱ्या अक्का रांगेत घाबरून उभ्या होत्या, मी मोठ्या शहाणपणानं म्हणालो, "अक्का, काही होत नाही ओ." रात्री ताप भरला, अंग मोडून आलं, भिजवलेली पानं तशीच पडली, दोन दिवस विडी नाही म्हणजे दोन दिवसांची मजुरी गेली. तिसऱ्या दिवशी सगळ्यांसमोर मला म्हणाल्या, "काही होत नाही म्हणालास की!" त्यांच्या गल्लीतल्या सात-आठ जणी रांगेतनं निघून गेल्या आणि मी टोकनचा गठ्ठा धरून बघत बसलो. लस खोटी नव्हती, मी खोटा ठरलो.

तेव्हापासून आधीच सांगायचो, हात दुखेल, ताप येऊ शकतो, एक-दोन दिवस जातील, पॅरासिटामॉल घरात ठेवा, आणि कारखान्याला सुट्टी असेल त्याच्या आदल्या दिवशी या. त्यांचा खरा प्रश्न मजुरीचा होता, अँटिबॉडीवर भाषण कुणाला हवं होतं? श्वास लागला, अंगावर गांधी उठल्या तर लगेच सांगा, त्यासाठीच अर्धा तास बसवून ठेवायचे, हेही सांगायचं.

हार्ट अटॅकचं विचारणाऱ्यावर हसू नका. बऱ्याचदा त्यामागं घरातला कुणीतरी तरुण पोरगा गेलेला असतो, आधी ते ऐकून घ्या. मग दोन गोष्टी वेगळ्या करा. 2024 मध्ये अॅस्ट्राझेनेका या औषध कंपनीच्या ब्रिटनमधल्या कोर्टकेसची बातमी गाजली ती रक्ताच्या गुठळ्यांची. कोविशील्ड म्हणजे त्याच कंपनीची लस, इथं बनवलेली, आणि प्लेटलेट कमी होऊन गुठळ्या होणं हा तिचा खरा पण फारच दुर्मिळ दुष्परिणाम, तोही बहुतेक पहिल्या डोसनंतर महिनाभरात दिसतो. ते लपवू नका, लपवलं की पुढचं काही ऐकत नाहीत. आणि अचानक मृत्यूंचं म्हणाल तर आयसीएमआरनं, म्हणजे सरकारच्या वैद्यकीय संशोधन परिषदेनं, 18 ते 45 वयातल्यांचा अभ्यास केला, 2023 मध्ये आला, त्यात लशीमुळं धोका वाढलेला दिसला नाही. वाढलेला दिसला तो कोविडमुळं अॅडमिट झालेले, घरात असे मृत्यू झालेले, आदल्या दोन दिवसांत भरपूर दारू प्यायलेले किंवा जबरदस्त व्यायाम केलेले, यांच्यात.

"डोसमधलं अंतर सारखं का बदललं?" कोविशील्डचं आधी 4 आठवडे, मग 6 ते 8, मग 12 ते 16 झालं. अंतर वाढवलं की प्रतिसाद चांगला मिळतो हे खरं, आणि तेव्हा लशीची टंचाई होती हेही खरं, दोन्ही सांगा.

"मला शुगर आहे, आता अजून एक डोस घेऊ का?" असं कुणी विचारलं तर सरळ त्यांच्या डॉक्टरकडं पाठवा. मी पण तेच करतो, काउंटरवरनं ठरवायची गोष्ट नाही ती.