स्केच हिरवं कसं करायचं, आणि नुसतं हिरवं करून का भागत नाही

मागे एका ब्रॅकेटची प्लेट लेसर कटिंगला द्यायची होती, ऐनवेळी रुंदी 80 ची 100 केली आणि चार भोकांपैकी दोनच सरकली, उरलेली दोन ढिम्म तिथंच. कारण साधं, दोन भोकांना माप उजव्या कडेपासून दिलेलं आणि बाकीची दोन मी नुसती नजरेने बसवलेली. तेव्हापासून एक सवय लावून घेतली, आधी नाती (कन्स्ट्रेंट, म्हणजे कोणती रेघ कशाशी बांधलेली) जोडायची, आकडे सगळ्यात शेवटी. तीच प्लेट घेऊन सांगतो, फ्रीकॅड या डिझाइनच्या (CAD) सॉफ्टवेअरमध्ये, कारण ते फुकट आहे. त्यात स्केच, म्हणजे पार्टचं सपाट रेखाचित्र, सगळीकडून पक्कं बांधलं गेलं की हिरवं होतं. सॉलिडवर्क्सवाल्यांनी हिरव्याच्या जागी काळा रंग धरा, बाकी डोकं तेच चालवायचं.

स्केच उघडलं की डावीकडे सॉल्व्हरचा (नाती तपासणाऱ्या भागाचा) मेसेज दिसतो, अमुक इतके डीओएफ शिल्लक. डीओएफ (डिग्रीज ऑफ फ्रीडम) म्हणजे तुमची रेघ अजून किती प्रकारे हलू शकते. बिंदूला 2, रेघेला दोन टोकं म्हणून 4, वर्तुळाला 3 (सेंटरचे दोन आणि रेडियस). हा आकडा शून्यावर आणायचा, बास.

आता आयत काढा, ओरिजिन (दोन्ही ॲक्सिस छेदतात तो बिंदू) साधारण मधोमध येईल असं. कोपरा ॲक्सिसला चिकटू देऊ नका, सॉफ्टवेअर आपणहून कन्स्ट्रेंट लावून मोकळं होतं आणि पुढे तेच नडतं. चार रेघांचे 16 डीओएफ, पण कोपरे जोडलेले (8 गेले) आणि आडवं-उभं लागलेलं (4 गेले), म्हणजे उरले 4. मग समोरासमोरचे दोन कोपरे निवडा, शेवटी ओरिजिन निवडा आणि सिमेट्रिक (मधल्या बिंदूपासून दोन्हीकडे सारखं) द्या. क्रम महत्त्वाचा, मधला बिंदू शेवटी. उरले 2, ते रुंदी 80 आणि उंची 50 साठी. पण थांबा, आकडे आत्ताच टाकू नका.

भोकं. चार वर्तुळं काढा, अंदाजे कोपऱ्यांजवळ, यांचे 12 वाढले. चारही निवडून इक्वल द्या, 3 गेले. आता बरेच जण इथे प्रत्येक सेंटरला दोन-दोन मापं देत बसतात, आठ मापं, आणि एक बदललं की सात बदला. त्यापेक्षा कन्स्ट्रक्शन मोड चालू करून एक आयत एका भोकाच्या सेंटरपासून तिरक्या समोरच्या भोकाच्या सेंटरपर्यंत ओढा, दोन कोपरे आपोआप चिकटतील, उरलेले दोन कोइन्सिडंटने (दोन बिंदू एकत्र जोडणारं नातं) चिकटवा. मग यालाही ओरिजिनभोवती सिमेट्रिक. ही कन्स्ट्रक्शनची रेघ पॅडमध्ये (स्केचला जाडी देऊन सॉलिड करताना) येत नाही, नुसती मचाण म्हणून उभी असते.

आता आकडे: बाहेरची 80 आणि 50, भोकांमधलं अंतर 60 आणि 30, एका भोकाचा व्यास 6. पाच मापांत स्केच हिरवं! कोपऱ्यांचे राउंड स्केचमध्ये काढू नका, सॉलिड झाल्यावर फिलेट मारा, टँजंटच्या (रेघ आणि कमान गुळगुळीत जुळवण्याच्या) भानगडीत उगाच वेळ जातो.

हिरवं होत नसेल तर? मेसेजमधल्या डीओएफच्या आकड्यावर क्लिक करा, जे मोकळं आहे ते सिलेक्ट होतं. किंवा सरळ माऊसने धरून ओढा, जे हलतंय तेच राहिलंय.

उलटंही होतं, रिडंडंट (जास्तीचं नातं) म्हणून ओरडतं. सगळ्या रेघा आडव्या-उभ्या असताना समोरच्या बाजूंना परत इक्वल दिलं की हमखास, कारण त्या मुळातच सारख्या आहेत. मेसेजवर क्लिक करून शेवटचं लावलेलं काढून टाका, जुनी नाती उपटत बसू नका.

आणि ब्लॉक नावाचं बटण आहे, जे निवडाल ते जागेवर खिळवून टाकतं. मीही ते वापरून स्केच हिरवं केलेलं आहे, खोटं कशाला बोलू. पण ते हिरवं म्हणजे भिंतीच्या भेगेवर कॅलेंडर लावण्यासारखं झालं, रुंदी बदला मग कळेल.

म्हणून स्केच बंद करण्याआधी 80 च्या जागी 120 टाका. प्लेट दोन्ही बाजूंना सारखी वाढली आणि भोकं मधोमध राहिली तर बरोबर. भोकं कडेबरोबर सरकायला हवी असतील तर 60 चं माप काढून त्याऐवजी भोकाच्या सेंटरपासून कडेपर्यंत 10 द्या, डीओएफ तेवढाच जातो. कुठलं ठेवायचं ते समोरच्या पार्टवर, मोटरला बसणारी प्लेट असेल तर भोकांचं अंतरच पक्कं हवं.