पासिंगला जाण्याआधी व्हॅनच्या काचा वाचून घ्या

जूनमध्ये शाळा उघडायच्या आधी पुण्यातल्या शाळेच्या व्हॅनवाल्यांची पासिंगसाठी, म्हणजे आरटीओच्या फिटनेस तपासणीसाठी, धावपळ सुरू होते. टायर, ब्रेक, इंडिकेटर, आग विझवायचं सिलिंडर, प्रथमोपचाराची पेटी ही यादी सगळ्यांना तोंडपाठ असते. काचांची आठवण होते ती दिवे गावच्या तपासणी ट्रॅकवर नाहीतर मोशीला रांगेत उभं राहिल्यावर, आणि तिथे करण्यासारखं काही उरत नाही. म्हणून पासिंगच्या निदान दोन आठवडे आधी एक सकाळ फक्त काचांसाठी काढा.

आधी सगळ्या काचा आतून-बाहेरून धुवा. मागच्या काचेवरचं ‘आई एकवीरा प्रसन्न’, शाळेचं जुनं स्टिकर, वाढदिवसाच्या फुग्यांच्या टेपचे डाग, सगळं काढा. देवाचं नाव काढायला जीवावर येतं हे कबूल. ते डॅशबोर्डवर लावा. काच कोणत्या मानकाची आणि कुणाची ते सांगणारा ठप्पा तिच्या खालच्या कोपऱ्यात असतो आणि नेमका त्याच कोपऱ्यावर स्टिकर चिकटवायचा मोह सगळ्यांना होतो.

मग उकिडवे बसून एकेका काचेचा कोपरा वाचा. पुढची, मागची, दाराच्या, सरकत्या, त्रिकोणी, एकही सोडू नका. आयएसआयची चौकट, तिच्या डोक्यावर आयएस २५५३ हा मानकाचा क्रमांक आणि चौकटीखाली सीएम/एल ने सुरू होणारा उत्पादकाचा लायसन्स नंबर, एवढं तरी स्पष्ट दिसलं पाहिजे. पुढच्या काचेवर इंग्रजीत ‘लॅमिनेटेड’ लिहिलेलं असतं, बाकीच्यांवर बहुधा ‘टफन्ड’ किंवा ‘टेम्पर्ड’. पुढची काच लॅमिनेटेडच हवी, कारण दोन काचांच्या मध्ये प्लास्टिकचा पातळ थर असल्याने नवले पुलावर ट्रकच्या चाकाखालून उडालेला खडा लागला तरी ती तडकते, पण अंगावर सांडत नाही. टफन्ड काच सहाशे अंशांच्या वर तापवून हवेच्या झोताने झटकन गार केलेली असते. फुटली की तिचे बोथट दाणे होतात. तिला नंतर कापताही येत नाही की भोकही पाडता येत नाही. त्यामुळे ‘मापात बसत नाही, कडेने थोडी कापून देतो’ असं कुणी म्हणालं, तर त्याच्या हातातली काच टफन्ड नाही हे तिथेच समजून जा.

ठप्प्याचा खरेपणा नखाने कळतो. कारखान्यात छापलेली खूण काचेबरोबर भट्टीतून निघालेली असते. ती खरवडून निघत नाही. नखाने कडा उचलली गेली, अक्षरं पुसट झाली किंवा ठप्पा स्टिकरसारखा सोलला गेला, तर ती काच बदलायच्या यादीत टाका. शंका असेल तर मोबाइलवर भारतीय मानक ब्युरोचं बीआयएस केअर ॲप उघडा आणि लायसन्स पडताळणीत काचेवरचा नंबर टाका. उत्पादकाचं नाव, पत्ता आणि माल कोणता हे समोर येतं. काचेवर एका कंपनीचं नाव आणि ॲपवर प्लायवूडचा कारखाना निघाला, तर पुढे काही बोलायला नको.

त्याच कोपऱ्यात आकडा आणि काही ठिपकेही असतात, त्यात वर्ष-महिना दडलेला असतो. प्रत्येक कंपनीची पद्धत वेगळी, त्यामुळे नेमका महिना काढत बसू नका. सगळ्या काचांवर एकच वर्ष आणि एकीवर भलतंच, एवढं पाहिलं तरी कोणती काच मध्येच बदललीये ते कळतं. जुनी व्हॅन विकत घेताना तर हे आधी बघावं. मालक ‘गाडीला ओरखडाही नाही’ म्हणत असतो आणि डावीकडची काच वेगळंच सांगत असते.

आता नियमाचं. केंद्रीय मोटार वाहन नियमांतला शंभरावा नियम काचांचा आहे. पुढच्या आणि मागच्या काचेतून निदान ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून निदान ५० टक्के उजेड पार गेला पाहिजे, हे आकडे जुनेच आहेत, बदललेले नाहीत. बदललं ते भोवतालचं. २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने काचांवर बाहेरून आणून लावलेल्या फिल्मला पूर्ण मनाई केली. २०१९ मध्ये आयएस २५५३ च्या दुसऱ्या भागाची, म्हणजे रस्त्यावरच्या वाहनांच्या काचांसाठीच्या भागाची, सुधारित आवृत्ती आली. त्याआधीची १९९२ ची होती. २०२० मध्ये केंद्राने सेफ्टी ग्लासवर आयएसआय खूण सक्तीची करणारा गुणवत्ता आदेश काढला. आणि १ एप्रिल २०२१ पासून शंभराव्या नियमात ‘सेफ्टी ग्लास’च्या जोडीला ‘सेफ्टी ग्लेझिंग’ आलं, म्हणजे आतल्या बाजूला प्लास्टिकचा थर असलेली काचही त्यात बसली. याच आधारावर केरळ उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२४ मध्ये प्रमाणात बसणाऱ्या फिल्मच्या बाजूने निकाल दिला.

हा निकाल मोबाइलवर दाखवून फिल्म विकणारे आता बरेच झालेत. त्यांच्याकडे जाण्याआधी एक हिशेब करा. काच आणि फिल्म यांचे टक्के गुणले जातात. दाराची काच मुळात ७५ टक्के उजेड सोडत असेल आणि तिच्यावर ‘पन्नास टक्केवाली’ फिल्म लावली, तर हातात उरतात साडेसदतीस टक्के, गाडी नापास. सत्तरची लावली तर साडेबावन्न, म्हणजे जेमतेम. पुढच्या काचेला तर एवढीही जागा नसते. पोलिसाच्या हातातलं यंत्र काच आणि फिल्म मिळून मोजतं, फिल्मच्या खोक्यावर काय छापलंय ते त्याला दिसत नाही. माझं स्पष्ट मत, मुलं नेणाऱ्या गाडीला फिल्म लावूच नये. आत कोण बसलंय ते बाहेरून दिसलंच पाहिजे. उन्हाचा त्रास होत असेल तर गाडी सावलीत उभी करा. जुनी फिल्म असेल तर हेअर ड्रायरने गरम करून सावकाश सोला. मागच्या काचेत डीफॉगरच्या, म्हणजे काचेवरचं धुकं घालवणाऱ्या, तारा असतील तर ब्लेड अजिबात लावू नका.

काच बदलायचीच असेल तर नाना पेठेत भाव विचारायला जा, पण नुसता भाव विचारू नका. बसवण्याआधी काच हातात घ्या, ठप्पा वाचा, फोटो काढा. बिलावर गाडीचा नंबर, कोणती काच आणि तिचा लायसन्स नंबर लिहून घ्या. दुकानदार कुरकुर करतो, पण लिहितो. ओम्नीसारख्या जुन्या गाडीत पुढची काच रबर बीडिंगमध्ये बसते, तेव्हा बीडिंग नवीनच घ्या. चिकटवलेली काच असेल तर गोंद वाळायला दुकानदार सांगेल तेवढा वेळ द्या, त्याच दिवशी प्रेशरने गाडी धुवायला नेऊ नका. पासिंगच्या आदल्या दिवशी काच बसवायची नाही, ती यासाठीच.

जुन्या काचेवर साधा आयएस २५५३ चा खरा ठप्पा असेल आणि काच धड असेल, तर केवळ नवीन आवृत्ती आली म्हणून ती काढू नका. नवीन बसवताना मात्र आजच्या मानकाचीच मागा. तडा ड्रायव्हरच्या नजरेसमोर असेल तर ठप्पा कितीही खरा असो, काच बदला.

पुढच्या काचेवर नंबरप्लेटबरोबर मिळालेलं होलोग्राम स्टिकरही असतं, डाव्या वरच्या कोपऱ्यात, आतून. काच बदलली की ते जुन्या काचेबरोबर जातं. नवीन मिळायला वेळ लागतो, म्हणून काच काढायच्या आधीच त्याची चौकशी करून ठेवा. फास्टॅगचंही तसंच.

सगळ्या ठप्प्यांचे फोटो आणि काचेची बिलं आरसी, विमा, पीयूसीच्या फाइलमध्ये लावा. व्हॅन आठ वर्षांच्या आतली असेल तर ही फाइल दोन वर्षांनी लागेल, त्यापुढची असेल तर पुढच्याच वर्षी.