नव्या मॉडेलला पाठराखा कसा द्यावा

हरभरा निघाला की सेलूकडं आमच्या आखाड्याजवळचं, म्हणजे शेतातल्या घराजवळचं रान मोकळं होतं. विमानाचं नवं मॉडेल मी तिथंच उडवतो, पण एकटं वर सोडत नाही. सोबत भाच्याचं छोटं ड्रोन असतं. खऱ्या विमानांच्या चाचणीत या सोबत्याला चेस विमान म्हणतात. वैमानिकाला स्वतःच्या विमानाचं पोट, शेपूट, चाकं दिसत नाहीत. ती बघून त्याला सांगायची, हे चेसचं काम. व्हिडिओ नंतर.

आधी डिजिटल स्काय या ड्रोनसाठीच्या सरकारी संकेतस्थळाच्या नकाशावर आपलं रान हिरव्या, म्हणजे उडवायला मोकळ्या पट्ट्यात आहे का बघा. तिथं १२० मीटरच्या वर जायचं नाही. नांदेड, लातूर किंवा संभाजीनगरच्या विमानतळाजवळ असाल तर हे जास्तच काटेकोरपणे बघा. सकाळी वारं उठायच्या आत उडवा.

माणसं तीन लागतात. माझी नजर मॉडेलवर, भाच्याची पडद्यावर, मग दोन्हींमधलं अंतर कोण बघणार? ते माझी बहीण बांधावरून बघते. ती ‘बाजूला!’ म्हणाली की भाचा कारण विचारत नाही, ड्रोन बाहेरच्या अंगाला काढतो.

तिघं एकमेकांना ऐकू येईल इतके जवळ उभे राहा. १९ जानेवारी १९९५ ला कॅलिफोर्नियात एक्स-३१ हे चाचणीचं विमान पडलं. वेग मोजणाऱ्या नळीत बर्फ साचून आकडे चुकत होते. वैमानिक खाली कंट्रोल रूमशी बोलत होता, पण ते बोलणं चेसच्या वैमानिकापर्यंत पोचतच नव्हतं. पॅराशूटमुळं माणूस वाचला, विमान गेलं.

आता खरी मेख. छोटं ड्रोन मॉडेलच्या मागं पळवू नका, ते पुरं पडत नाही. ड्रोन एका जागी थांबवा आणि मॉडेल त्याच्याभोवती मोठ्या गोलात फिरवा. भाच्याला फक्त तोंड फिरवत राहावं लागतं. मॉडेलच्या खाली कधीच थांबू नका. नवं मॉडेल स्टॉल झालं, म्हणजे पंखांची उचल सुटली, तर सरळ खालीच येतं. पडद्यावरच्या अंतरावरही विसंबू नका. रुंद लेन्समुळं जवळची वस्तू लांब दिसते. आम्ही पंचवीस पावलांच्या आत येत नाही.

फोटोसाठी तर मुळीच जवळ जाऊ नका. ८ जून १९६६ ला एक्सबी-७० या अमेरिकेच्या मोठ्या बॉम्बर विमानासोबत चार विमानं फोटोसाठी दाटीनं उडत होती. त्यातलं चाचणी वैमानिक जो वॉकर यांचं एफ-१०४ हे लढाऊ विमान मोठ्या विमानाच्या पंखाच्या टोकाशी ओढलं जाऊन धडकलं. वॉकर आणि एक्सबी-७० चे सहवैमानिक कार्ल क्रॉस दोघंही गेले. ही गोष्ट मी भाच्याला ड्रोन हातात देण्याआधी सांगितली.

बघायचं काय, हेही आधी ठरवा: बिजागरीच्या पट्ट्या, शेपटीची सळई, बॅटरीचं झाकण. गेल्या फेब्रुवारीत दुसऱ्याच फेरीला भाचा ओरडला, “मामा, उजवं एलेरॉन फडफडतंय!” एलेरॉन म्हणजे पंखाच्या मागच्या कडेची हलणारी फळी. खालून मला काहीच दिसत नव्हतं. थ्रॉटल कमी केला, वळण न घेता समोरच्या ढेकळांतच उतरवलं. तिच्या बिजागरीची पट्टी अर्ध्यापर्यंत सुटली होती आणि चिकट बाजूला काळ्या मातीची बारीक धूळ बसलेली. आता पट्टी लावण्याआधी थर्माकोल ओल्या फडक्यानं पुसतो, पूर्ण वाळू देतो आणि हे काम घरातच उरकून रानात जातो.