बीपी-शुगरच्या गावतपासणीत या चुका टाळा

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर, निपाणी, चिकोडीकडच्या उपकेंद्रात किंवा देवळाच्या मंडपात बीपी-शुगर तपासायला फारसं भांडवल लागत नाही. दंडाचं एक डिजिटल मशीन, दंडाला बांधायचे दोन मापांचे पट्टे (कफ), शुगर मोजायचा ग्लुकोमीटर, वजनकाटा आणि वही एवढं पुरतं. गोळ्याही स्वस्तच. तरी सहा महिन्यांनी वही उघडली की बऱ्याच जणांचं बीपी आहे तिथंच असतं. दोष बहुतेक वेळा मशीनचा नसतो.

सगळ्यांचंच बीपी १५० च्या वर कसं?

आधी पट्टा बघा. दंडाचा घेर टेपनं मोजा. नेहमीचा पट्टा साधारण २२ ते ३२ सेंटीमीटर घेराच्या दंडासाठी असतो, त्याहून जाड दंडाला मोठा पट्टा लागतो. जाड दंडावर लहान पट्टा आवळला की बीपी खोटं वाढतं आणि बाईच्या माथी नसलेला आजार लागतो. पोलक्याची बाही वर सारून ती दंडाला काचत असेल तरीही आकडा चुकतो. पट्टा उघड्या दंडावर, कोपराच्या खळीपासून दोन बोटं वर बांधावा.

मग बसण्याची पद्धत. रांगेतून चालत आलेल्या माणसाला लगेच पट्टा बांधू नका. पाठ टेकवून, पाय जमिनीला लावून, मांडीवर मांडी न टाकता पाच मिनिटं बसू द्या. हात टेबलावर, हृदयाच्या पातळीत हवा. तो खाली लोंबकळत असेल तर आकडा सुमारे १० नी वाढतो. लघवी तुंबली असेल किंवा बोलणं चालू असेल तरीही वाढतो. (गप्पा बंद करा म्हणणं आपल्याकडे सगळ्यात अवघड, पण म्हणायचंच.) निपाणी भागात आणखी एक प्रश्न विसरू नये: "आक्का, मिश्री कधी लावलीत?" मिश्री, तपकीर, विडी, चहा यांनंतर अर्धा तास थांबा.

एक-एक मिनिटाच्या अंतरानं दोनदा मोजा. फरक मोठा आला तर तिसऱ्यांदा मोजून शेवटच्या दोनांची सरासरी लिहा. पहिल्या भेटीत दोन्ही हात तपासा आणि ज्या हाताचा आकडा जास्त, तोच पुढं वापरा. वहीत सगळे आकडे १४०, १५०, १६० असे गोल दिसले तर कुणीतरी अंदाजानं लिहितंय, हे ओळखा. १३८ असेल तर १३८ च लिहा.

१८०/११० च्या वर आलं तर पाच मिनिटांनी परत मोजा. सोबत छातीत दुखणं, तोंड वाकडं होणं, बोलणं अडखळणं असं काही असेल तर थेट १०८. बीपी उतरवायला निफेडिपिनची कॅप्सूल फोडून जिभेखाली टाकण्याची जुनी सवय अजून काही ठिकाणी आहे, ती सोडाच. बीपी एकदम कोसळलं तर मेंदूचा रक्तपुरवठा तुटू शकतो.

शुगर दोनदा मोजली, दोन्ही वेळा वेगळी

बोट साबणानं धुऊन पूर्ण कोरडं केलेलं हवं. गुळाचं किंवा उसाच्या रसाचं बोट नुसतं पुसून टोचलं तर आकडा भलताच वर जातो. बोट जोरात पिळू नका, पहिला थेंब पुसून दुसरा घ्या. ग्लुकोमीटरच्या स्ट्रिपची डबी उघडली की स्ट्रिप काढून लगेच झाकण लावा. पावसाळ्यात कणकुंबी-जांबोटीकडच्या दमट हवेत उघडी राहिलेली डबी लवकर बिघडते. डबीवर उघडल्याची तारीख लिहा. उघडल्यावर ती किती महिने चालते ते डबीवरच छापलेलं असतं. आणि टोचणी प्रत्येक माणसाला नवी. एकाच टोचणीनं दहा जण तपासले तर शुगर कळेल, पण हिपॅटायटिस बी ही कावीळ पसरेल. वापरलेली टोचणी आरपार न टोचणाऱ्या जाड डब्यात टाका, वापरलेल्या कापसाच्या पिशवीत नको.

गोळ्या बंद का होतात

दहाच्या तीन पट्ट्या म्हणजे ३० गोळ्या. पण पुढची तारीख ३० दिवसांनी न देता २८ दिवसांनी द्या. म्हणजे वार तोच येतो, बाजाराचा दिवस साधतो आणि दोन गोळ्या हाताशी उरतात. पंढरपूरला पायी निघणाऱ्यांना वारीभर पुरतील एवढ्या आधीच द्या. उपवासाचं मात्र नीट विचारा. बीपीची गोळी पाण्याबरोबर चालते, पण शुगरच्या गोळ्यांपैकी मेटफॉर्मिन जेवणासोबत घ्यायची आणि ग्लिमेपिराइडवर उपवास केला तर शुगर धोकादायक खाली येऊ शकते. ७० च्या खाली आली आणि माणूस शुद्धीवर असेल तर तीन चमचे साखर पाण्यातून पाजा, १५ मिनिटांनी परत मोजा.

बीपीच्या ॲमलोडिपिन गोळीनं काहींचे घोटे सुजतात. "किडनी गेली" म्हणून माणूस गोळी सोडतो, म्हणून आधीच सांगून ठेवा. बीपीचीच टेलमिसार्टन गरोदर बाईला देऊ नये, तरुण बाईला गरोदरपणाचं विचारूनच सुरू करावी.

साठ्याचा हिशेब मागच्या महिन्यावरून नको, माणसांवरून करा. रोज एक गोळी घेणारे ६० जण असतील आणि माल यायला २० दिवस लागत असतील, तर १,२०० गोळ्या तेवढ्यातच संपतात. त्यावर १५ दिवसांचा राखीव साठा, ९०० गोळ्या. म्हणजे शिल्लक २,१०० वर आली की मागणीपत्र जायला हवं. शेवटची पट्टी उरल्यावर नाही.

कागद कुणाच्या हातात?

चिठ्ठी कन्नडमध्ये आणि वाचणारा मराठी, किंवा उलटं, ही सीमाभागातली रोजची गोष्ट. गोळीच्या पाकिटावर उगवता सूर्य नि चंद्र काढा, किती गोळ्या ते ठिपक्यांनी दाखवा. बीपीचा आकडा केंद्राच्या वहीत आणि माणसाजवळच्या डायरीतही लिहा. निपाणीचा माणूस उद्या कोल्हापूरला दाखवेल, खानापूरचा बेळगावला, तेव्हा आपली वही तिथं नसते. आयुष्मान भारत–आरोग्य कर्नाटक या सरकारी उपचार योजनेत तातडी नसेल तर बहुधा सरकारी दवाखान्याचं रेफरल पत्र लागतं. पलीकडच्या राज्यात जायचं असेल तर त्या रुग्णालयात या योजनेचं कार्ड चालतं का, हे निघण्याआधी फोन करून विचारा. गाडीभाडं तरी वाचतं.